शिस्त आणि नेम

एकदा मराठीच्या तासाला मी फळ्यावर 'शिस्त' हा शब्द लिहिला आणि वर्गाला त्याचा अर्थ विचारला. "वेळेवर शाळेत येणे," एक मुलगी म्हणाली. "रांगेत उभे राहणे," दुसरी म्हणाली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, शिस्त म्हणजे निशाणा." सारा वर्ग हसला.

पण त्या मुलाचे उत्तर चूक नव्हते. तो एन. सी. सी. मध्ये होता. तिथे बंदुकीचा नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. आपल्या उर्दूतही 'शिस्त बाँधना' म्हणजे नेम धरणे. हा शब्द फारसीतून उर्दूत आणि मराठीत आला. मराठीत त्याचा वळण, नियमितपणा हा अर्थ रूढ झाला आणि नेमाचा अर्थ मागे पडला. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांपासून किती जवळ आहेत, हे मला त्याच वर्षी कळले. ती हकीकत आणि तिच्यामागचे शास्त्र या पाठात सांगतो.

माझी चूक

त्या मुलाची जिल्ह्याच्या शालेय एअर रायफल स्पर्धेसाठी निवड झाली. शाळेतर्फे त्याच्याबरोबर मी गेलो होतो. मला बंदुकीतले काही कळत नव्हते. तरी शिक्षक म्हटल्यावर काहीतरी सांगायला हवे, म्हणून मी त्याला म्हणालो, "छर्रा डावीकडे गेला की साईट उजवीकडे फिरव. खाली गेला की वर फिरव. सोपे आहे."

सरावाच्या फैरी सुरू झाल्या. पहिला छर्रा केंद्राच्या डावीकडे खाली लागला. त्याने साईटची फिरकी उजवीकडे आणि वर फिरवली. दुसरा छर्रा उजवीकडे फार वर गेला. त्याने पुन्हा फिरकी उलट फिरवली. तिसरा डावीकडे, चौथा खाली. प्रत्येक छऱ्यानंतर त्याचे बोट फिरकीकडे जात होते आणि मी मागून मान डोलावत होतो. सराव संपला तेव्हा साईट मुळात कुठे होती, हेही त्याला आठवेना. स्पर्धेत तो शेवटून तिसरा आला.

परतताना तो बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, बंदूकच वाकडी होती." मी गप्प राहिलो. बंदूक वाकडी नव्हती, माझा सल्ला अर्धवट होता, असे मला वाटू लागले होते. पण ते बोलून दाखवण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे आमच्या गावातल्या एका निवृत्त हवालदारांकडे गेलो. सैन्यात त्यांनी अनेक वर्षे जवानांना नेमबाजी शिकवली होती. मुलाने जपून ठेवलेले टार्गेटचे कागद त्यांनी पाहिले, सारी हकीकत ऐकली आणि विचारले, "प्रत्येक फैरीनंतर साईट फिरवायला तुला कोणी सांगितले, बाळ?"

मुलगा खाली पाहू लागला. मग मीच म्हणालो, "मी सांगितले, हवालदारसाहेब."

ते हसले. म्हणाले, "मग दोघेही बसा."

एका भोकाचे ऐकू नका

हवालदारांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी. माणसाचा हात यंत्रासारखा स्थिर नसतो. श्वास चालू असतो, हृदय धडधडत असते, बोट घोडा ओढताना किंचित हलते. म्हणून साईट अगदी बरोबर असली, तरी सगळे छर्रे एकाच भोकातून जात नाहीत. ते थोडे विखुरतात आणि कागदावर त्यांचा एक पुंजका तयार होतो. नेमबाज त्याला 'ग्रुप' म्हणतात.

"पुंजक्याचा आकार तुझी चूक सांगतो," हवालदार म्हणाले. "पुंजक्याची जागा साईटची चूक सांगते. पुंजका लहान असेल आणि केंद्रापासून दूर असेल, तर साईट फिरव. पुंजका मोठा असेल, तर फिरकीला हातही लावू नकोस. आधी श्वास आणि बोट सुधार."

मुलांनो, हे वाक्य नीट समजून घ्या. एकच भोक पाहून आपल्याला कळत नाही, की चूक हाताची आहे की साईटची. हाताच्या चुकीसाठी साईट फिरवली, तर पुढच्या वेळी हात बरोबर असूनही छर्रा चुकतो. मग आपण साईट पुन्हा फिरवतो आणि चुकांची साखळी सुरू होते. आमच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. म्हणून आधी साईटला हात न लावता निदान पाच फैरी झाडायच्या. मग त्या पाच भोकांचा मध्य शोधायचा. केंद्रापासून तो मध्य किती दूर आहे आणि कोणत्या बाजूला आहे, हे पट्टीने मोजायचे. त्यानंतरच फिरकी फिरवायची.

गोळी सरळ जात नाही

दुसरा प्रश्न मुलाने विचारला. "काका, एकदा साईट बरोबर लावली, की ती कायमची बरोबर का राहत नाही? अंतर बदलले की पुन्हा का फिरवावी लागते?"

हवालदारांनी अंगणातला पाण्याचा पाइप उचलला. नळ सोडला आणि पाइपचे तोंड आडवे धरले. पाणी थोडे पुढे जाऊन जमिनीवर पडले. "आता त्या जास्वंदीच्या मुळाशी पाणी घाल," ते म्हणाले. झाड दूर होते. मुलाने आपोआप पाइपचे तोंड वर केले. पाणी कमानीसारखे वळून झाडाच्या मुळाशी पडले. "तुला तोंड वर करायला कोणी शिकवले? कोणीच नाही. बंदुकीची नळीही अशीच थोडी वर बघत असते. फरक एवढाच, की पाण्याची कमान डोळ्याला दिसते आणि गोळीची दिसत नाही."

विज्ञानात तुम्ही गुरुत्वाकर्षण शिकला आहात. गोळी नळीतून बाहेर पडली, की त्या क्षणापासून पृथ्वी तिला खाली ओढू लागते. गोळी कितीही वेगवान असली, तरी तिला हा नियम चुकत नाही. वेग जास्त असेल, तर लक्ष्यापर्यंत पोचायला वेळ कमी लागतो आणि तेवढ्या वेळात ती कमी खाली येते, इतकेच.

ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल स्पर्धेत ५.६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे पॉइंट बावीसची गोळी वापरतात. ही शिशाची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते. तिचा वेग सेकंदाला साधारण ३३० मीटर असतो. ५० मीटर जायला तिला एका सेकंदाचा सहावा-सातवा भाग लागतो. डोळ्याची पापणी लवायलाही जवळजवळ एवढाच वेळ लागतो. पण तेवढ्यातच ती नळीच्या सरळ रेषेपासून सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. १०० मीटरवर ती सुमारे अर्धा मीटर खाली येते. म्हणजे अंतर दुप्पट झाले आणि घट चौपटीहून थोडी अधिकच झाली. याची दोन कारणे आहेत. घट ही वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि हवेच्या अडथळ्यामुळे गोळीचा वेगही वाटेत कमी होत जातो.

आता बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीचा विचार करू. नेमबाज तिला 'स्कोप' म्हणतात. दुर्बिणीतून आपण पाहतो ती दृष्टीची रेषा सरळ असते. गोळीची वाट मात्र कमानीसारखी असते. शिवाय दुर्बीण नळीच्या वर बसवलेली असते. ती नळीपासून ४ सेंटिमीटर वर आहे असे समजा. म्हणजे गोळी निघते तेव्हा ती दृष्टिरेषेच्या ४ सेंटिमीटर खाली असते. ती हळूहळू वर चढते, दृष्टिरेषा ओलांडते, थोडी वर जाते, मग खाली येऊ लागते आणि दृष्टिरेषा दुसऱ्यांदा ओलांडते. आपण बंदूक ५० मीटरसाठी जुळवतो, याचा अर्थ हे दुसरे ओलांडणे बरोबर ५० मीटरवर घडेल असे करतो. नेमबाज याला 'झिरो करणे' म्हणतात.

अशा झिरो केलेल्या पॉइंट बावीसच्या रायफलीने वेगवेगळ्या अंतरांवर, नेम केंद्रावरच ठेवून, गोळ्या मारल्या तर काय होईल? हिशोब साधारण असा येतो:

१० मीटरवर गोळी सुमारे १ सेंटिमीटर खाली लागेल.
२५ मीटरवर ती सुमारे १ सेंटिमीटर वर लागेल.
५० मीटरवर ती बरोबर केंद्रावर लागेल.
१०० मीटरवर ती सुमारे २२ सेंटिमीटर खाली लागेल.

पहिली ओळ वाचून तुम्हाला नवल वाटेल. इतक्या जवळचे लक्ष्य, आणि गोळी खाली? कारण गोळी अजून खालून वर चढतच असते. तिने दृष्टिरेषा अजून ओलांडलेलीच नसते. जवळचे ते सोपे, असे आपण धरून चालतो. नेमबाजीत तसे धरून चालत नाही.

दुर्बिणीच्या आत काय असते?

दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला मोठे भिंग असते. ते दूरच्या लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत तयार करते. ही प्रतिमा उलटी असते, म्हणून ती सुलटी करण्यासाठी मध्ये आणखी भिंगे एका लहान नळीत बसवलेली असतात. शेवटी डोळ्याजवळचे भिंग ती प्रतिमा मोठी करून दाखवते. आत बारीक रेघांची एक फुली असते. जुन्या काळी अशा फुलीसाठी केस किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागाही वापरत. म्हणून तिला केसरेषा म्हणू. आजकाल ती बारीक तारेची असते किंवा काचेवर कोरलेली असते.

दुर्बिणीच्या मधल्या भागावर दोन फिरक्या असतात. वरची फिरकी गोळीची जागा वर-खाली नेते. बाजूची फिरकी ती डावी-उजवी नेते. फिरकी फिरवली, की तिचा स्क्रू आतल्या लहान नळीला किंचित ढकलतो. त्यामुळे दृष्टिरेषा आणि बंदुकीची नळी यांच्यातला कोन बदलतो. फिरकी फिरताना 'टिक्, टिक्' असा आवाज येतो. त्या प्रत्येक टप्प्याला 'क्लिक' म्हणतात. क्लिक बोटाला जाणवते, त्यामुळे नजर लक्ष्यावरून न काढताही ती मोजता येते.

फिरकीवर बाण असतो. तो बाण आपल्याला गोळी कुठे न्यायची आहे ती दिशा दाखवतो. गोळी खाली लागत असेल, तर 'वर' लिहिलेल्या दिशेला फिरवायचे. एअर रायफलच्या मागच्या साईटचेही तसेच आहे: गोळी ज्या बाजूला न्यायची, त्याच बाजूला मागची साईट सरकवायची. पुढची साईट सरकवायची असेल, तर मात्र नियम उलटा.

क्लिकचे गणित

एक क्लिक म्हणजे किती? इथे तुमची भूमिती उपयोगी पडते. वर्तुळाचे ३६० अंश असतात. प्रत्येक अंशाचे ६० भाग केले, की एका भागाला एक मिनिट म्हणतात. हे घड्याळाचे नव्हे, कोनाचे मिनिट. पूर्ण वर्तुळात अशी ३६० गुणिले ६०, म्हणजे २१,६०० मिनिटे असतात.

आता आपण १०० मीटर त्रिज्येचे एक प्रचंड वर्तुळ मनात काढू. त्याचा परीघ सुमारे ६२८ मीटर होईल. त्याला २१,६०० ने भागले, की २.९ सेंटिमीटर मिळतात. म्हणजे बंदुकीचा कोन एका मिनिटाने बदलला, तर १०० मीटरवर गोळी २.९ सेंटिमीटर सरकते.

बऱ्याच दुर्बिणींत एक क्लिक पाव मिनिटाची असते. म्हणून १०० मीटरवर एका क्लिकने गोळी सुमारे ७.३ मिलिमीटर सरकते. अंतर निम्मे झाले, की सरकणेही निम्मे होते. ५० मीटरवर ते सुमारे ३.६ मिलिमीटर आणि २५ मीटरवर सुमारे १.८ मिलिमीटर असते. क्लिक तीच, पण अंतरानुसार तिची किंमत बदलते.

एक उदाहरण पाहू. ५० मीटरवर पाच गोळ्यांच्या पुंजक्याचा मध्य केंद्राच्या १८ मिलिमीटर खाली आणि ११ मिलिमीटर उजवीकडे आहे. १८ ला ३.६ ने भागले, की ५ येतात. ११ ला ३.६ ने भागले, की जवळजवळ ३ येतात. म्हणून वरची फिरकी ५ क्लिक 'वर' आणि बाजूची ३ क्लिक 'डावीकडे' फिरवायची. त्यानंतर पुन्हा पाच गोळ्या मारून खात्री करायची. ही खात्री कधीही टाळायची नाही.

आता अंतर बदलू. ५० मीटरवर झिरो केलेली रायफल १०० मीटरवर २२ सेंटिमीटर, म्हणजे २२० मिलिमीटर खाली मारते. २२० ला ७.३ ने भागले, की सुमारे ३० येतात. म्हणजे १०० मीटरसाठी ३० क्लिक वर. २५ मीटरसाठी पाच-सहा क्लिक खाली. काम झाले, की तितक्याच क्लिक उलट फिरवून मूळ जागी परत यायचे. हे आकडे एका ठरावीक वेगाच्या गोळीचे आणि एका ठरावीक उंचीच्या दुर्बिणीचे आहेत. गोळी बदलली, की आकडे बदलतात. म्हणून हिशोब हा केवळ आरंभ असतो. शेवटचा निकाल कागदावरची भोके देतात.

एअर रायफलच्या साईटची क्लिक किती आहे, हे माहीत नसेल तर? हवालदारांनी सोपी युक्ती सांगितली. आधी पाच फैरी झाडा. मग दहा क्लिक वर फिरवा आणि त्याच ठिकाणी नेम धरून पुन्हा पाच फैरी झाडा. दोन पुंजक्यांच्या मध्यांतले अंतर मोजा आणि दहाने भागा. उत्तर तुमच्याच हातात आहे.

डोळा हलला तर

दुर्बिणीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. खिडकीच्या गजासमोर पेन्सिल धरा. एक डोळा मिटा आणि डोके डावीकडे-उजवीकडे हलवा. पेन्सिल गजावरून सरकताना दिसेल. आता पेन्सिल गजाला टेकवून तेच करा. ती सरकत नाही. दुर्बिणीतही लक्ष्याची प्रतिमा आणि केसरेषा एकाच ठिकाणी नसतील, तर डोळा थोडा हलला, की केसरेषा लक्ष्यावरून सरकते. बंदूक स्थिर असूनही नेम बिघडतो. अंतर बदलले, की प्रतिमेची जागाही बदलते. म्हणून चांगल्या दुर्बिणीला अंतरानुसार फिरवण्याचे आणखी एक कडे असते. ते फिरवून प्रतिमा केसरेषेवर आणायची. जुळले की नाही हे पाहण्यासाठी बंदूक आधारावर ठेवायची आणि तिला हात न लावता डोके किंचित हलवून पाहायचे.

ऑलिंपिकमधील नेम

ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत नेम धरण्यासाठी मोठे करून दाखवणारी दुर्बीण वापरता येत नाही. तिथे मागच्या साईटला एक बारीक छिद्र असते आणि पुढच्या साईटमध्ये एक कडे असते. छिद्रातून कडे पाहायचे आणि कड्यात लक्ष्याचा काळा गोल बरोबर मध्ये आणायचा. पण क्लिकचे शास्त्र तेच आहे. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ५० मीटरवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. एका क्लिकची चूक तिथे पदक हिरावून घेऊ शकते.

११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे अभिनव बिंद्रा १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत उतरले. प्राथमिक फेरीत ते चौथे होते. अंतिम फेरीपूर्वीच्या सरावात त्यांचा छर्रा केंद्रापासून बराच दूर गेला. साईट जागेवर राहिलेली नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. ही आठवण त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिली आहे. थोडाच वेळ हातात होता. त्यांनी साईट पुन्हा जुळवली. अंतिम फेरीचा पहिला छर्रा १०.७ गुणांचा आणि शेवटचा १०.८ गुणांचा लागला. भारताला वैयक्तिक स्पर्धेतले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले. अशा वेळी साधा माणूस गोंधळला असता. त्यांचा स्वतःच्या हातावर विश्वास होता, म्हणून चूक साईटची आहे हे त्यांना ओळखता आले.

आपल्या महाराष्ट्रातही नेमबाजीची परंपरा आहे. मुंबईच्या अंजली भागवत एन. सी. सी. मधून या खेळात आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडी या गावच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. या प्रकारात पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. या स्पर्धेत गुडघ्यावर बसून, मग पालथे झोपून आणि शेवटी उभे राहून गोळ्या मारायच्या असतात. अंतर तिन्ही वेळा ५० मीटरच असते. तरीही शरीराची ठेवण बदलली, की गाल टेकण्याची आणि डोळ्याची जागा बदलते, आणि साईटही त्याप्रमाणे जुळवावी लागते. कुठल्या स्थितीत किती क्लिक, हे खेळाडूला आधीच ठाऊक असावे लागते. उघड्या मैदानावर त्यात वाऱ्याची भर पडते. म्हणून रेंजवर लहान झेंडे लावलेले असतात. झेंडा फडफडला, की खेळाडू थांबतो किंवा वाऱ्याच्या दिशेचा विचार करून दोन-चार क्लिक फिरवतो.

आणि सारे काही जुळवूनही सावध राहावे लागते. २००४ साली अथेन्स येथे अमेरिकेचे मॅथ्यू एमन्स याच तीन स्थितींच्या स्पर्धेत आघाडीवर होते. त्यांची शेवटची गोळी नेमाने गेली, पण शेजारच्या खेळाडूच्या टार्गेटवर. तिचे गुण शून्य धरले गेले आणि ते आठव्या स्थानावर घसरले.

वही

निघताना हवालदारांनी मुलाला एक साधी वही दिली. तिच्यात त्यांनी रकाने आखले: तारीख, अंतर, छऱ्याचा प्रकार, हवा, पुंजक्याचा मध्य, किती क्लिक, कोणत्या दिशेला. "जे लिहिले नाही ते घडलेच नाही असे समज," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्हीही एक वही करा."

मी त्यांना आणखी एक गोष्ट विचारली. मुलांच्या हाती बंदूक देणे बरे का? ते गंभीर झाले. म्हणाले, "बंदूक खेळणे नाही. एअर रायफलच्या छऱ्यानेही डोळा जातो. रेंजवर, प्रशिक्षकासमोर, आज्ञा मिळाल्यावरच ती उचलायची. भरलेली असो वा रिकामी, तिचे तोंड टार्गेटशिवाय कुठेही वळवायचे नाही. हे ज्याला जमत नाही, त्याला मी क्लिक शिकवत नाही."

पुढच्या वर्षी तो मुलगा पुन्हा स्पर्धेला गेला. सरावाच्या पहिल्या पाच फैरी होईपर्यंत त्याने फिरकीला हात लावला नाही. पहिला छर्रा बराच खाली लागला, तेव्हा शेजारच्या रांगेतले दोघे हसले. मागे उभे राहून मलाच राहवत नव्हते. पण त्याने पाच फैरी पूर्ण केल्या, वहीत काहीतरी लिहिले आणि मग मोजून चार क्लिक फिरवल्या. त्यानंतर संपूर्ण स्पर्धेत साईट जागची हलली नाही. तो चौथा आला. पदक मिळाले नाही. बसमध्ये मात्र त्याने खिडकीकडे तोंड फिरवले नाही. सारा रस्ता तो मला आपल्या पुंजक्यांविषयी सांगत होता.

तेव्हा मी त्याला म्हणालो, "गेल्या वर्षी बंदूक वाकडी नव्हती. मी तुला चुकीचे सांगितले होते."

"मला माहीत आहे सर," तो म्हणाला. "ते मी वहीत पहिल्याच पानावर लिहिले आहे."

ती वही आता आमच्या शाळेतील आठवीच्या एका मुलीकडे आहे. तिने शेवटच्या पानांनंतर नवीन पाने शिवून घेतली आहेत. मीही एक वही केली आहे. एखाद्या विद्यार्थ्याचा एक पेपर वाईट गेला, की लगेच त्याच्याविषयी मत बनवण्याची मला पूर्वी सवय होती. आता मी निदान पाच पेपर पाहतो, त्यांचा मध्य काढतो, आणि त्याला बदलण्याआधी माझे शिकवणे किती क्लिक फिरवायला हवे, याचा विचार करतो.

शब्दार्थ

नेम – निशाणा
लक्ष्य – ज्यावर नेम धरतात ती वस्तू, टार्गेट
फैर – बंदुकीचा बार
छर्रा – एअर रायफलची लहान गोळी
घोडा – बंदुकीचा खटका
पुंजका – एके ठिकाणी जमलेला समूह
झिरो करणे – ठरावीक अंतरासाठी साईट जुळवणे
रूढ होणे – प्रचारात येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नेमबाज 'ग्रुप' कशाला म्हणतात?
(आ) दुर्बिणीवरील दोन फिरक्यांची कामे कोणती?
(इ) रेंजवर लहान झेंडे का लावतात?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'पुंजक्याचा आकार तुझी चूक सांगतो, पुंजक्याची जागा साईटची चूक सांगते,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
(आ) ५० मीटरवर झिरो केलेल्या रायफलीची गोळी १० मीटरवर खाली का लागते?
(इ) लेखकाने आपली चूक कशी सुधारली?

प्र. ३. गणित करा. २५ मीटरवर पुंजक्याचा मध्य केंद्राच्या ९ मिलिमीटर वर आहे. क्लिक पाव मिनिटाची आहे. किती क्लिक आणि कोणत्या दिशेला फिरवाल?

प्र. ४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे, पण अर्थ वेगळा असलेले पाच शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : जाड कागदाची नळी करा. तिच्या एका टोकाला दोन दोरे फुलीसारखे चिकटवा. नळीतून दूरची वस्तू पाहा आणि डोळा हलवल्यावर फुली कशी सरकते, याची नोंद वहीत करा. सूर्याकडे पाहू नका.